लोकसंख्येत आपण पुढे, मग कामकरी चीनमध्ये जास्त कसे?

वाघूरकाठ | २ मे २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आखाजी (अक्षय तृतीया) आटोपली, माहेरवाशिणी परत गेल्या, घर शांत झालंय, म्हणून हा धागा काढायला सवड मिळाली.

मी जळगावात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. मागच्या आठवड्यात एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, एप्रिल २०२३ मध्ये आपण लोकसंख्येत चीनला मागे टाकलं. मग श्रमबल अजून त्यांचंच मोठं कसं? तेही अठरा-एकोणीस कोटींनी?" मी "त्यांच्याकडे मुलं कमी, आपल्याकडे जास्त" असं उत्तर देऊन पुढे गेलो. ते चूक नव्हतं, पण अर्धंच होतं, आणि घरी येईपर्यंत मनाला लागून राहिलं. रात्री बसून आकडे मांडले, ते इथे ठेवतो.

श्रमबल म्हणजे १५ वर्षांवरचे, जे काम करतात किंवा काम शोधतात ते सगळे. शिकणारे, निवृत्त आणि "फक्त घरकाम" करणारे त्यात येत नाहीत. जागतिक बँक आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजांवरून जे आकडे देते ते साधारण असे: १९९० मध्ये चीनचं श्रमबल ६४ कोटींच्या आसपास, आपलं ३२-३३ कोटी. सरळ दुप्पट. २००० मध्ये त्यांचं ७३ कोटींच्या आसपास, आपलं ४०. २०२३ मध्ये त्यांचं ७७ ते ७८, आपलं ५९ च्या आसपास. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत चीनने नऊ कोटी हात वाढवले आणि पुढच्या तेवीस वर्षांत जेमतेम चार-पाच. आपली वाढ मात्र थांबलेली नाही.

चीनची गाडी का अडली हे सगळ्यांना माहीत आहे. एक मूल धोरण १९८० च्या सुमारास आलं आणि २०१५ च्या अखेरीस उठलं. १५ ते ५९ वयोगटातली माणसं २०१२ पासूनच कमी होऊ लागली. एकूण लोकसंख्या २०२२ पासून घटते आहे.

पण त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला बेरीज फोडल्यावर दिसलं. याच आकड्यांत चीनच्या श्रमबलात बायांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. आपल्याकडे तो ३० च्याही खाली. आता गुणाकार करा. पुरुष कामकरी तिकडे साधारण ४३ कोटी, इकडे ४२. जवळजवळ बरोबरी! बाया तिकडे ३५ कोटी, इकडे १७ च्या आसपास. अठरा कोटींची सगळी दरी बायांच्या रकान्यात आहे.

हे मांडून मी वहीकडे बघत बसलो. कारण आपल्या खान्देशात काम न करणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. वेचणीला कोण असतं? निंदणीला कोण असतं? मिरची खुडायला, भुईमूग उपटायला? मग या कोट्यवधी बाया गेल्या कुठे? तुमच्या घरचं, गावचं लिहा. आकडे माझ्याकडे आहेत, ते कसे तयार होतात हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

---

अमळनेरचा_विद्यार्थी | २ मे, रात्री १०:१५

सर, धागा छान. पण मला वाटतं मुख्य गोष्ट वयाचीच आहे आणि ती आपल्या बाजूने आहे. आपलं मध्यम वय (निम्मी माणसं याहून लहान, निम्मी मोठी) २८ च्या आसपास, चीनचं ३९ च्या आसपास. त्यांच्याकडे २०२३ अखेर साठीच्या पुढची माणसं २९.७ कोटी होती. जन्म बघा: २०१६ मध्ये पावणेदोन कोटींच्या वर, २०२३ मध्ये ९०.२ लाख. म्हणजे २०४१ मध्ये तिकडे अठरा वर्षांचे किती असतील ते आजच ठरून गेलंय, त्यात आता कोणतंही सरकार भर घालू शकत नाही. आपण फक्त टिकून राहिलो तरी पुढे जाऊ. बायांचा मुद्दा खरा असेल, पण दिशा वय ठरवतं.

---

केळीबाग_यावल | ३ मे, सकाळी ७:०५

तुम्ही कोटींच्या गोष्टी करताय, मला इथे एक माणूस मिळेना. आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल बदलतं. यंदा मी लाखाच्या वर आकडा बोललो, राहायला खोली, धान्य, वर उचल, तरी जुना सालदार थांबला नाही. पोरगा पुण्याला कंपनीत लागला, बापाला घेऊन गेला. आता सातपुड्यातलं एक पावरा कुटुंब आलंय, नवरा-बायको दोघं. माणूस पाण्याचं आणि खताचं बघतो, बाई केळीची पिलं, म्हणजे बाजूचे फुटवे, कापते, बागेतला पाला काढते, गुरांचं करते. बोलणी मात्र मी माणसाशीच केली हे आता हा धागा वाचताना लक्षात आलं. साल एकाचं ठरलं, कामाला दोघं आहेत.

ज्या देशात एवढं श्रमबल आहे तिथे केळी कापायला टोळी मिळायला चार दिवस थांबावं लागतं. घड पिकायला लागतो, व्यापारी भाव पाडतो. हे कसं काय, कोणी सांगेल का?

---

वाघूरकाठ | ३ मे, सकाळी ८:३०

भाऊ, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदातला प्रश्न चीनमध्येही विचारला गेलाय. २००४ च्या सुमारास ग्वांगडोंगमधल्या कारखान्यांना मजूर मिळेनासे झाले, तेव्हा चीनचं श्रमबल ७३ कोटींच्या पुढे होतं आणि निम्म्याच्या जवळपास माणसं अजून शेतीत होती. आर्थर लुईस नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलं होतं की गावातली जादा माणसं आहेत तोवर शहराला स्वस्त मजूर मिळत राहतो, आणि ती आटू लागली की मजुरी चढायला लागते. त्यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. चीनमध्ये २००४ पासून मजुरी चढतच गेली.

आपल्याकडे मात्र माणसं आटलेली नाहीत. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत शंभरातले ४६ कामकरी अजून शेतीतच आहेत. चीनमध्ये १९७८ ला ७० होते, २००० ला ५०, आता २२-२३. आपल्याकडे टंचाई हंगामाची आहे: वेचणी, कापणी, तोडणी सगळ्यांची एकाच पंधरवड्यात येते, आणि उरलेले महिने तोच माणूस काम शोधत फिरतो. तरणा पोरगा मग बारमाही पगाराकडे जाणारच.

पण तुमचा पहिला परिच्छेद मला जास्त मोलाचा वाटतो. "साल एकाचं ठरलं, कामाला दोघं आहेत." अठरा कोटींतल्या कितीतरी बाया या एका वाक्यात आहेत.

---

सुलभा_शिंदखेडा | ३ मे, दुपारी २:२०

मी शक्यतो इथे लिहीत नाही, वाचते. पण आज लिहायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते तेव्हा आमच्या घरी पाहणीवाले आले होते. ओट्यावर खाट टाकली, चहा दिला. त्यांनी बाबांना विचारलं, घरात कोण कोण, कोण काय करतं. बाबांनी सांगितलं, मी शेती करतो, मोठा मुलगा नाशिकला नोकरीला, आणि ही घरीच असते. आई दारातच उभी होती. तिला विचारलं, "आजी, तुम्ही काही काम करता का?" ती म्हणाली, "मी काय काम करस भो, मी ते घरमाच ऱ्हास."

हे सांगताना तिच्या ओटीचं फडकं अजून कमरेला होतं. सकाळी सात ते बारा पऱ्हाटीत (कपाशीत) होती, घरी येऊन भाकरी टाकल्या होत्या. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांची पेरं चिरलेली होती, हळद भरलेली. चहाचा कप धरताना तिने तो तळहातावर धरला, बोटांनी नाही. मी पाहत होते आणि गप्प राहिले. पाहुण्यांसमोर बाबांचं बोलणं कसं खोडायचं असं वाटलं. त्या गप्प राहण्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्याच्या वावरात गेली असती तर किलोवर पैसे मिळाले असते आणि तीही "मजुरीला जास" असं म्हणाली असती. स्वतःच्या वावरात पैसे हातात येत नाहीत म्हणून तिलाच ते काम वाटत नाही. त्या दिवशी कागदावर तिचं काय लिहिलं गेलं असेल?

---

पांझरा_धुळे | ३ मे, रात्री ११:५०

सुलभाताई, मी काही वर्षं असाच पाहणीवाला म्हणून कंत्राटावर फिरलो आहे, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. जरा लांबेल.

आमच्या तक्त्यात प्रत्येक माणसापुढे एक सांकेतांक लिहावा लागतो. स्वतःचा धंदा किंवा शेती करणारा ११, माणसं लावणारा मालक १२. घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदत करणारा २१. पगारदार ३१. रोजंदारीवाला ५१. काम शोधणारा ८१. इथपर्यंतचे सगळे श्रमबलात. पुढे ९१ म्हणजे शिकणारा, ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम आणि त्यासोबत सरपण गोळा करणं, चारा-भाजीपाला खुडून आणणं, घरच्यासाठी शिवणटिपण. ९२ आणि ९३ श्रमबलाच्या बाहेर.

आता तुमच्या आईचं बघा. "घरीच असते" ऐकून कोणी ९२ लिहिलं तर ती देशाच्या श्रमबलातून गेली. बांधावरचं गवत कापून आणते एवढंच ऐकलं तर ९३, तरी गेली. पण "वावरात जाता का, वर्षातून किती दिवस" असं विचारलं तर २१, आणि ती आत आली. बाई तीच, फडकं तेच.

आम्हाला शिकवताना सांगितलेलं असतं की असं खोदून विचारा, बाईलाच विचारा. बहुतेक पोरं विचारतातही. पण दिवसाला ठरलेली घरं असतात, पुरुष ओट्यावर असतो, बाई चुलीपाशी. आणि घरधनी समोर बसलेला असताना "नाही, त्या काम करतात" असं म्हणायला आम्हालाही जड जातं. मीसुद्धा पहिल्या वर्षी कितीतरी ९२ लिहिले असतील. नंतर मी "काम करता का" हा प्रश्नच सोडला. "काल उन्हं तापली तेव्हा कुठे होत्या?" असं विचारायला लागलो. मग "वावरमा व्हतू" असं उत्तर यायचं.

दर्जा ठरवायच्या रीतीही दोन आहेत. एक वर्षाची: वर्षातला जास्त वेळ कशात गेला तो मुख्य दर्जा, आणि त्याखेरीज ३० दिवस किंवा त्याहून जास्त दुसरं काम केलं असेल तर तो दुय्यम. मुख्य ९२ आणि दुय्यम २१ आला तरी बाई कामकरीच मोजली जाते. दुसरी आठवड्याची: गेल्या सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी मोजायचं. दोन्हीचे आकडे वेगळे येतात, हे वाघूरकाठ सरांनी वर्गात जरूर सांगावं.

---

वाघूरकाठ | ४ मे, सकाळी ६:४५

पांझरा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. आता काही वर्षांचे आकडे तिच्याशेजारी ठेवून बघा.

२०१७-१८ च्या पाहणीत आपल्या देशात १५ वर्षांवरच्या शंभर बायांतल्या २३ श्रमबलात होत्या. २०२३-२४ मध्ये जवळपास ४२. ग्रामीण बायांत तर २४.६ वरून ४७.६. सहा वर्षांत दुपटीला टेकली ही वाढ. चीनचं उलट आहे: तिकडे १९९० मध्ये शंभरात सुमारे ७३ बाया होत्या, आता ६० च्या आसपास. आणि वर मी जागतिक बँकेचे जे आकडे दिले त्यात आपल्या बाया शंभरात ३३ च्या आसपासच धरल्या आहेत. ४२ धरल्या तर दरी बसल्या जागी चार-पाच कोटींनी कमी होते.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत २०२२-२३ मध्ये देशातले रोजगार ५९.६७ कोटी होते, पुढच्याच वर्षी ६४.३३. एका वर्षात सुमारे ४.७ कोटी! एवढे कारखाने उघडलेले आपण कोणी पाहिले का?

यावर "आकडे खोटे" म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण मला ते योग्य वाटत नाही. चीनच्याच वार्षिक सांख्यिकीत बघा. १९८९ ला रोजगारात असलेली माणसं ५५.३ कोटी आणि १९९० ला ६४.७ कोटी. एका रात्रीत साडेनऊ कोटींच्या जवळपास माणसं वाढली. झालं असं की १९९० ची जनगणना आली, आधीच्या नोंदींत कितीतरी कामकरी निसटले होते ते सापडले, आणि आकडा तिथून पुढे दुरुस्त झाला. मागची वर्षं मात्र तशीच राहिली. त्या वर्षांवरून चीनच्या वाढीचा आलेख काढणारा माणूस अजूनही त्या पायरीला अडखळतो.

आपल्याकडे १९९१ च्या जनगणनेत असंच झालं होतं. "काम केलं का" या प्रश्नात कंस घालून "शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामसुद्धा धरून" अशी भर टाकली, बायांची नोंद नीट व्हावी म्हणून. एका कंसाने देशाचं श्रमबल हलतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना आता सांगणार आहे: दोन देशांची तुलना करण्याआधी एका देशाची दोन वर्षं तरी एकाच मापाने मोजली आहेत का ते बघा.

आणि आपल्याकडे २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. लोकसंख्येचा पाया चौदा वर्षं जुन्या गणतीवरून पुढे ढकललेला आहे, त्यावर आपण कोटींच्या इमारती चढवतोय.

---

अमळनेरचा_विद्यार्थी | ४ मे, सकाळी ९:१०

सर, पटतंय, पण मग २३ वरून ४२ ही वाढ फक्त मोजणीची म्हणायची का? माझी काकू दोन वर्षांपासून बचत गटातून कर्ज काढून पापड-शेवया करते. ती आधी खरंच करत नव्हती.

---

वाघूरकाठ | ४ मे, सकाळी ९:४०

नाही, फक्त मोजणीची नाही, आणि तुमची काकू हे चांगलं उदाहरण आहे. दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. पण वाढ कोणत्या रकान्यात झाली ते बघा. २०२३-२४ मध्ये शंभर कामकरी बायांतल्या ६७ "स्वयंरोजगार" या सदराखाली आहेत, २०१७-१८ मध्ये ५२ होत्या. त्या ६७ मधल्या सुमारे ३७ म्हणजे पांझरांचा सांकेतांक २१, बिनपगारी मदतनीस. पगारदार शंभरात फक्त १६. श्रमबल वाढलं, हे खरं. त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त बायांच्या हातात महिन्याअखेर काही पडत नाही, हेही खरं.

---

लिंबायतकर | ५ मे, रात्री १२:३०

मूळ शिंदखेडा तालुका, वीस वर्षं सुरतमध्ये. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागात फिरा, निम्मं खान्देश भेटेल. मी लूमवर (यंत्रमागावर) होतो, आता तिथलाच मास्तर, म्हणजे देखरेख करणारा आहे.

चीनबद्दल वाचलं की मला त्यांच्या स्थलांतरित मजुरांशी आपलं नातं वाटतं. तिकडे १९५८ पासून हुकोऊ नावाची नोंदणी आहे, माणूस ज्या गावचा त्या गावचा. शहरात वीस वर्षं राबला तरी कागदाने गावाकडचा, पोरांच्या शाळेपासून दवाखान्यापर्यंत अडचण. गावाकडची नोंद असून शेतीबाहेरचं काम करणारे लोक २०२४ मध्ये जवळपास ३० कोटी होते. आपल्याकडे असा कायदा नाही, मी उद्या इथे घर घेऊ शकतो. तरी माझं रेशन कार्ड बरीच वर्षं गावाकडेच होतं, मत द्यायला भुसावळ पॅसेंजरने गावी जायचो.

आणि नंदुरबारकडची माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला येतात, अक्कलकुवा, धडगाव भागातली. त्यांचा हिशोब माणसावर नसतो, कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा तोडतो, बाई पाला सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. उचल नवऱ्याच्या नावावर. बाईचं नाव मुकादमाच्या वहीत कुठेच नसतं. यावलच्या भाऊंनी सालदाराचं लिहिलंय तेच हे.

---

चटईवाला_जळगाव | ६ मे, संध्याकाळी ७:२५

मी धंद्याच्या कामाने सात-आठ वेळा चीनला गेलोय, यिवू आणि निंगबो भागात, चटईच्या यंत्रांसाठी. लिंबायतकरांनी लिहिलेल्या मजुरांबद्दल डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कारखान्यात सगळी पोरं-पोरी विशीतली, बसमधून घोळक्याने उतरायची. मागच्या फेरीला त्याच मालकाच्या शेडमध्ये गेलो तर यंत्रांवर पन्नाशीच्या बाया. चष्मे लावलेल्या. तरुण पोरं ऑफिसात नाहीतर दुचाकीवर पार्सल वाटताना. मालक म्हणाला, पोरांना कारखाना नको. नंतर वाचलं की त्यांच्या त्या गावाकडची नोंद असलेल्या मजुरांचं सरासरी वय २०२३ मध्ये ४३ च्या वर गेलंय. पटलं लगेच, मी पाहूनच आलो होतो.

दुसरं, त्यांनी निवृत्तीचं वय वाढवायला घेतलंय. १ जानेवारी २०२५ पासून, पंधरा वर्षांत हळूहळू. पुरुष ६० वरून ६३, कामगार बाया ५० वरून ५५, कचेरीतल्या ५५ वरून ५८. आपल्या आया-बायांना ५० ला कोणी निवृत्त केलं नाही.

---

वाघूरकाठ | ६ मे, रात्री ९:५५

चटईवाले भाऊ आणि लिंबायतकर, तुम्हा दोघांच्या पोस्ट एकत्र वाचताना मला एक धागा सापडला तो लिहितो.

चीनची बाई आकड्यात आधीपासून का आहे? १९५८ पासून तिकडे कम्यून होते, सगळं गाव एका शेतावर. प्रत्येकाच्या दिवसाच्या कामाचे गुण वहीत लिहायचे आणि हंगामाअखेर धान्य त्या गुणांवर मिळायचं. पुरुषाला दिवसाचे दहा गुण असतील तर बाईला सात, कुठे आठ, कुठे त्याहून कमी. उघड अन्याय होता तो, एकाच बांधावर सारखंच राबूनही. पण सात का होईना, वहीत तिच्या नावापुढे आकडा पडत होता. तिचा दिवस "घरीच असते" या शब्दांत गडप होत नव्हता. कम्यून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मोडले, शेतं घराघराकडे गेली, पोरी कारखान्यांत गेल्या, तरी बाई काम करते ही नोंद राहिली.

कम्यूनची मी भलामण करत नाही. त्याच काळात तिथे दुष्काळाने कोट्यवधी माणसं मेली. मला फक्त वहीबद्दल बोलायचंय. आपल्याकडे वही मुकादमाची, आणि त्यात कोयता लिहिलेला.

म्हणून अमळनेरच्या माझ्या मित्राला सांगतो: वयाचा फायदा खरा आहे, पण तो आपोआप खिशात येत नाही आणि कायमही नाही. आपला जननदरही (एका बाईमागे सरासरी मुलं) २०१९-२१ मध्येच २ पर्यंत उतरला होता, महाराष्ट्रात १.७. आज जी मुलं वर्गात बसली आहेत तीच शेवटची मोठी तुकडी. त्यातल्या अर्ध्या मुली आहेत. त्या सांकेतांक ३१ (पगारदार) मध्ये जातील की २१ (बिनपगारी मदतनीस) मध्ये, यावर पुढच्या तीस वर्षांची तुलना ठरेल.

---

अमळनेरचा_विद्यार्थी | ६ मे, रात्री १०:२०

माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या गावात मिल होती. आजोबा हजेरीपटावर होते, पगार, फंड, सगळं. मिल बंद पडल्यावर बाबांनी हातगाडी लावली. तक्त्यात आजोबा ३१, बाबा ११. दोघंही श्रमबलात एक-एकच मोजले गेले. हे आज पहिल्यांदा असं दिसलं. सर, आभारी आहे.

---

वाघूरकाठ | १५ मे, रात्री ८:१५

धागा वर काढतोय, कारण आज केंद्राच्या श्रमबल पाहणीचं पहिलं मासिक पत्रक आलं. आतापर्यंत तिमाही आणि वार्षिक येत होतं, आता दर महिन्याला येणार. एप्रिल २०२५ चा श्रमबलातला सहभाग ५५.६ टक्के, आठवड्याच्या रीतीने. वर्षाच्या रीतीने २०२३-२४ चा ६०.१ होता. उद्या कोणीतरी "सहभाग साडेचार टक्क्यांनी घसरला" असं लिहील, ते चूक आहे. मापं वेगळी आहेत, पांझरांनी वर लिहिलंय तेच. आणि एप्रिलमध्ये वावरात असतं तरी काय? पऱ्हाटी उपटून झालेली असते, पेरणीला दीड-दोन महिने असतात.

सुलभाताई, तुमच्या आईंचं पुढे काय झालं? विचारलंत का?

---

सुलभा_शिंदखेडा | १५ मे, रात्री १०:४०

विचारलं. रविवारी दुपारी दोघी बसून दिनदर्शिकेवर मोजलं. तिला आधी पटेना, "आते हाई काय मोजानं" म्हणाली. मग एकेक आठवत गेलं. सरकी लावणीचे चार दिवस. तीन वेळा निंदणी. खत टाकणं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी, मधले बाजाराचे आणि सणाचे दिवस सोडून. मग हरभऱ्याची भाजी खुडणं, हरभरा उपटणं, पऱ्हाटी गोळा करणं. सगळे मिळून १३२ दिवस निघाले. आकडा ऐकून बाबाही गप्प झाले, मग म्हणाले, "मिरचीना दिन ऱ्हायनात ना." ते १४ धरले. १४६.

पांझरादादा, १४६ दिवसांना काय लिहाल? आणि आत्ता मे महिन्यात आले असते तर?

---

पांझरा_धुळे | १६ मे, सकाळी ६:२०

वर्षाच्या रीतीने ३० च्या वर आहेत, म्हणजे दुय्यम दर्जा तरी २१ नक्की. मोजल्या जातील.

मे महिन्यात आठवड्याच्या रीतीने विचारलं तर वावरात काम नाही, म्हणजे ९२ जाईल. घरी गुरंढोरं आहेत का? दूध विकलं नाही, घरीच खाल्लं, तरी जनावर सांभाळून दूध काढणं हे उत्पादन म्हणून धरतात. त्याच दुधाचं घरच्यासाठी तूप कढवलं तर ते धरत नाहीत.

---

सुलभा_शिंदखेडा | १६ मे, सकाळी ७:०५

म्हैस आहे, नऊ वर्षांपासून. दोन्ही वेळ धार आईच काढते, एक दिवस चुकलेला नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या हाताने काढली होती. ती आम्ही मोजणीत धरलीच नव्हती. आत्ता फोन करते तिला.